भोक ठेवायचं न्हाय

कुणाच्याही अंगणात गेलो, तर पुढं केलेलं स्टूल मी आधी उलटं करून बघतो आणि मग बसतो. घरच्यांना याची लाज वाटते. मुलीच्या सोयरिकीला गेलो होतो, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी स्टूल दिलं आणि मी ते चारचौघांत उलटं केलं. बायकोनं, मंगलनं, मागून माझा सदरा ओढला. व्याही म्हणाले, "काय, ढेकणं बघायलाव का?" मी म्हणालो, "न्हाय, वेल्डिंगचा टाका बघायलोय." सोयरीक जमली. पण त्या घरात मला अजून 'ढेकणाचे पाव्हणे' म्हणतात.

माझं दुकान कळंबला, मोंढ्याच्या म्हणजे धान्यबाजाराच्या वाटेवर. पंचवीसेक वर्षं मी स्टुलंच करतो, आणि तीही घराबाहेर ठेवायची. चहाच्या टपरीची, रानातल्या गुरांच्या कोठ्यावरची, देवळाच्या पारावरची, कोर्टाबाहेरची. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं बरं वाटतं. गमती आहेत, त्या सांगतो. पण एक गोष्ट नऊ वर्षं पोटात होती, ती लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायला हात धजत नाही. फार बोलणारा माणूस मी नव्हे. एकदा बसलोय तर सगळंच लिहितो.

घरातल्या स्टुलावर माणूस बसतो. बाहेरच्या स्टुलावर ऊन बसतं, पाणी बसतं, कुत्रं बसतं, शेळी चढते, आणि मग जागा उरली तर माणूस. म्हणून ते कशाचं करायचं हाच खरा प्रश्न. बाभळीचं लाकूड चिवट, करवतीचे दात खाणारं. पण ओलं वापरलं तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं आणि त्या भेगेत बसणाऱ्याचं धोतर अडकतं. लिंबाला, म्हणजे कडुलिंबाला, वाळवी सहसा लागत नाही, पण उन्हानं सांधे सैल होतात. साग उत्तम. ऊन सोसतो, पाणी सोसतो. अंगणात मात्र टिकत नाही, कारण कुणीतरी उचलून नेतं. सिमेंटचं कुणी नेत नाही, पण वैशाखात दुपारी त्यावर बसून दाखवा. आमच्याकडं बायका त्यावर पापड वाळवतात. प्लास्टिक हलकं, धुता येतं. चार उन्हाळे खाल्ले की त्याची पांढरी भुकटी बोटाला लागते, आणि एखाद्या दिवशी जाड पाहुण्याखाली ते चारी पाय पसरतं. राहिलं लोखंड. त्याला ऊन काही करत नाही. त्याचा वैरी पाणी. तेही वरून पडणारं नव्हे, आत शिरून बसलेलं.

हे मला उस्तादांनी शिकवलं, ज्यांच्या हाताखाली मी वेल्डिंग शिकलो त्यांनी. ते दखनी बोलायचे. "देख रे, पानी तो आतैच. तू उसकू रोक नको. जाने का रस्ता छोड."

धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी उलगडून सांगतो. स्टुलाचे पाय पोकळ पाइपाचे असतात. बसायच्या पट्ट्या वरून बोल्टनं पाइपाला आवळतात. त्या बोल्टच्या कडेनं पावसाचं पाणी आत उतरतंच, कितीही वायसर घाला. स्टूल नुसतं जमिनीवर ठेवलेलं असेल तर ते खालून निघून जातं. पण चोरीच्या भीतीनं स्टुलाचे पाय सिमेंटात गाडले की पाइप तळाला बंद होतो. मग तो पाइप राहत नाही, पाण्याचा पेला होतो. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून लोखंड कुजत जातं. उपाय एवढासा आहे. जमिनीपासून बोटभर उंचीवर प्रत्येक पायाला दोन सुताचं, म्हणजे पाव इंचाचं, एक भोक ठेवायचं, आणि गाडताना पाइपात त्या भोकापर्यंत सिमेंट भरून घ्यायचं, म्हणजे पाण्याला साचायला जागा उरत नाही. चार पाय, चार भोकं.

हे इतकी फोड करून लिहिलं त्याला कारण आहे. ज्यांच्याबद्दल पुढं लिहिणार आहे, त्यांना फोन करून विचारलं, लिहू का? ते म्हणाले, "लिहा. पण भोक कुठं ठेवायचं तेवढं नीट लिहा. कुणाच्या तरी कामाला येईल."

ते म्हणजे विलासराव, माझ्या धाकट्या बहिणीचे, लताचे मालक.

एका कारखान्यातली त्यांची हंगामी नोकरी गेली आणि आई मला म्हणाली, "त्यांस्नी तुझ्या दुकानात घे. पर जावई हाय, तोंड सांभाळून बोलत जा." म्हणजे दुकानात ते माझ्या हाताखाली आणि घरात मी त्यांच्यासाठी पाट मांडणारा. तरी सुरुवातीला मला ते आवडायचे. हसतमुख माणूस. शिकायला तत्पर.

त्या वेळी माझ्या दुकानावर मी स्वतः रंगवलेला बोर्ड होता: 'बाहेर बसायचे स्टूल मिळतील'. तीन महिने रस्त्यानं जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मला वाटायचं, अक्षर वाईट आहे. शेवटी मंगल म्हणाली, "अहो, पुसा त्ये. बाईमाणसाचं बाहेर बसणं म्हंजे काय, तुमाला कळंना का?" मग मी रातोरात नव्हे, भर दुपारी शरमेनं बोर्ड पुसला आणि लिहिलं: 'उघड्यावर बसायचे स्टूल'. आता पुरुष हसायला लागले. एक म्हातारबुवा आत येऊन गंभीर तोंडानं म्हणाले, "सोबत टमरेल देतू का रं?"

विलासरावांनी कामावर दुसऱ्याच दिवशी बोर्डाकडं बघितलं. "दादा, 'अंगणी स्टूल' लिहा की."

झालं. आजही कळंबात लोक 'अंगणी स्टूल' म्हणूनच मागतात. दोन वेळा मी चुकलो ते त्यांनी एका दमात नीट केलं, तेही हसून, मला न दुखावता. तिथं पहिली ठिणगी पडली. आमच्या बोलीत मत्सराला जळणं म्हणतात. मी आयुष्यभर लोखंड जाळून पोट भरलं, पण ही आग मला ओळखता आली नाही. मला वाटलं, जरा पित्त झालंय.

वर्षभरात त्यांचा हात माझ्यापुढं गेला. मी स्टूल बघून स्टूल करायचो. ते बसणारा बघायचे. माणूस बसताना आधी हात कुठं टेकतो, उठताना कुठल्या गुडघ्यावर भार देतो, मांडीला कड कुठं रुतते. त्यांच्या स्टुलाची पुढची पट्टी गोल घासलेली, मधल्या पट्ट्या सुतभर खाली. माझं स्टूल सपाट, चौकोनी. हत्ती बसला तरी मोडणार नाही असं. पण हत्ती काही गिऱ्हाईक नव्हता.

धाराशिवला कोर्टाबाहेर दोन टायपिस्ट शेजारी शेजारी बसायचे. एक जण आमच्याकडं आला. म्हणाला, "शेजाऱ्यापरीस इंचभर उंच करा. पक्षकार लांबून येतो, त्याला आधी मी दिसलो पाहिजे." पंधरा दिवसांनी दुसरा आला. "मला त्याच्यावर इंचभर." मी दोघांनाही देत गेलो. शेवटी दोघांचे पाय लोंबकळायला लागले, टेबल खाली राहिलं, आणि दोघं बगळ्यासारखे वाकून टाइप करायला लागले. ही गोष्ट मी चहावर सगळ्यांना सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. विलासराव हसले नाहीत. ते धाराशिवला गेले, दोघांची टेबलं मोजून आले आणि दोघांना सारखी, ठेंगणी स्टुलं करून दिली. म्हणाले, "साहेब, उंच कोण ते पक्षकाराला दिसत न्हाय. कंबर कुणाची दुखायलीय ते मात्र कागदातल्या चुकांवरनं दिसतंय." दोघांचंही पटलं. त्यानंतर ते दोघं एकमेकांचे झाले आणि विलासरावांचे झाले. मला कुणी विचारलं नाही. माझी गोष्टही गेली. ती आता त्यांची गोष्ट झाली होती.

गिऱ्हाईक दुकानात आलं की माझ्याच तोंडावर म्हणायचं, "पाव्हण्यांच्या हातचं द्या." मी हसून द्यायचो. संध्याकाळी ते घरी गेले की त्यांची स्टुलं उलटी करून टाके तपासायचो. एखादा तरी कच्चा सापडावा म्हणून. स्टूल उलटं करायची माझी सवय तेव्हाची आहे. कच्चा टाका सापडला नाही.

आता आईचं सांगतो. तेच सांगणं सगळ्यांत अवघड आहे, कारण ऐकणाऱ्याला ते फार क्षुल्लक वाटतं. आई दिवसभर अंगणात बसायची. विलासरावांनी तिच्यासाठी एक स्टूल केलं. ती गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "जावयानं केलंय. ह्याच्यावर बसलं की गुडघं दुखत न्हाईत." मी महिनाभर कुणाला न सांगता आईसाठी एक स्टूल केलं. सगळं त्यांच्यासारखं केलं. कड गोल घासली, पट्ट्या खाली घेतल्या, रंग तिच्या आवडीचा हिरवा. अंगणात नेऊन ठेवलं. आईनं हात फिरवला, म्हणाली, "लई मजबूत केलंस बाबा." दुसऱ्या दिवशी बघतो, तर त्यावर पाण्याचा माठ, आणि ती जावयाच्या स्टुलावर. "तुझ्या स्टुलावर माठ जरा सुदिक हलत न्हाय बघ," ती म्हणाली. तिनं कौतुकच केलं होतं.

ती गेली तेव्हाही तो माठ त्याच स्टुलावर होता.

पुढं विलासरावांनी धाराशिवला स्वतःचं दुकान टाकलं. मला वाटलं, डोळ्यांआड गेले की बरं वाटेल. उलट झालं. शेजारी असताना त्यांचं कौतुक मला ऐकावं लागायचं; आता त्यासाठी मी कान लावून बसायचो. कुणी धाराशिवहून आलं की मी सहज विचारल्यासारखं करायचो, "आमच्या पाव्हण्यांचं कसं काय चाललंय?" आणि 'लई भारी' असं उत्तर आलं की दिवसभर जेवण गोड लागायचं नाही.

तिथल्या एका संस्थेनं म्हाताऱ्या माणसांसाठी बाग केली होती. लिंबाच्या झाडांखाली गोल मांडून स्टुलं हवी होती, आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून गाडलेली. संस्थेचे लोक आधी माझ्याकडं आले. गाडायचं काम या भागात मीच करायचो. मी नमुना दिला. त्यांनी विलासरावांचाही नमुना घेतला. दोन्ही बागेत ठेवले आणि म्हाताऱ्यांना बसायला सांगितलं. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

विलासरावांनी तोवर एकही स्टूल गाडलं नव्हतं. त्यांचा फोन आला. मी दुकानात होतो, शेजारच्या दुकानात ग्राइंडर चालू होता.

"दादा, एक विचारायचं होतं. गाडायच्या पाइपाला खाली भोक ठेवायचं का न्हाय?"

प्रश्न बरोबर होता. अर्ध्याहून जास्त तर त्यांनीच ओळखलं होतं. फक्त माझा दुजोरा हवा होता. त्याच वेळी शेजाऱ्यानं चकती बदलायला ग्राइंडर बंद केला. एकदम शांत झालं.

मी म्हणालो, "भोक ठेवायचं न्हाय."

"बरं, दादा," ते म्हणाले. मी गडबडीत असल्याचं सांगून फोन ठेवला. का ठेवायचं नाही असं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, भोकात गांधीलमाश्या घर करतात. ते खोटंही नाही, करतात. त्यांनी विचारलंच नाही. माझ्यावर भरवसा होता.

पहिल्या पावसाळ्यानंतर मी कामाचं निमित्त काढून धाराशिवला गेलो आणि बागेत जाऊन बसलो. स्टुलं देखणी होती. म्हातारी माणसं पाय मोकळे सोडून निवांत बसली होती. मी गाडीच्या किल्लीनं पायावर टिचकी मारली. टण्ण. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. खालच्या बाजूला आवाज जरा बसका आला. तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा खाली किल्ली मारली की थप्प वाजायचं, ओल्या मडक्यावर मारल्यासारखं. मला कळत होतं आत काय झालंय ते. दुसऱ्या वर्षी जरी फोन केला असता, 'ड्रिल घेऊन या, प्रत्येक पायाला भोक पाडा', तरी सगळी स्टुलं वाचली असती. फोन खिशातच होता. मी किल्ली खिशात टाकून चहा प्यायला गेलो.

लोकांना वाटतं, मत्सर म्हणजे रागाच्या भरात काहीतरी बोलून जाणं. माझा तसा नव्हता. तो एका शब्दापुरता होता आणि मग तीन पावसाळे नुसता वाट बघत बसला होता.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर एक निवृत्त गुरुजी रोजच्यासारखे त्यांच्या ठरलेल्या स्टुलावर बसले आणि त्याचा एक पाय जमिनीलगत मोडला. गुरुजी बाजूच्या दगडी काठावर पडले. खुब्याचं हाड मोडलं.

संस्थेनं सगळ्यांना बोलावलं. लतानं मला आग्रहानं नेलं, "दादा, तू धंद्यातला माणूस हायस, ह्यांच्या बाजूनं बोल." मोडका पाइप टेबलावर ठेवला होता. आतून नुसता गंज. संस्थेचे चिटणीस विलासरावांना म्हणाले, "तुम्ही म्हणे तुमच्या मेव्हण्यांना विचारून काम केलं होतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत विलासराव उभे राहिले.

"विचारलं होतं, साहेब. दादांनी बरोबरच सांगितलं असणार. ते म्हणले असतील, 'भोक ठेवायचं, न्हाय तर पाणी साचंल.' तिकडं मशीन चालू होती. म्या तेवढंच ऐकलं, 'भोक ठेवायचं न्हाय'. फुडचं 'तर' मशीननं खाल्लं. चूक माझ्या ऐकण्यातली हाय."

त्यांनी हे मला वाचवायला रचलं नव्हतं. त्यांची तशी खात्रीच होती. दादा चुकीचं सांगणार नाहीत, मग चुकलं कुठं, तर कानात. तीन दिवस विचार करून त्यांनी ते 'तर' शोधून काढलं होतं.

चिटणीस माझ्याकडं वळले. "असं झालं का?"

मी म्हणालो, "व्हय."

'न्हाय' म्हणताना कुणी पडेल, हाड मोडेल, इतकं मनात आलं नव्हतं. रंग उडेल, गंज दिसेल, पाव्हण्यांचं नाव जरा खाली येईल, एवढंच हवं होतं. 'व्हय' म्हणताना मला सगळं माहीत होतं.

विलासरावांनी सगळी स्टुलं काढून स्वखुशीनं नवी बसवून घेतली, दुसऱ्या कारागिराकडून. गुरुजींना घरी दोन्ही वेळचा डबा पोचवला, ते काठी घेऊन चालायला लागेपर्यंत. मी एकदा डझनभर केळी घेऊन गेलो होतो. मग त्यांनी दुकान बंद केलं. मी समजावल्यासारखं केलं, तेव्हा म्हणाले, "दादा, ज्याला सांगितलेलं नीट ऐकू येत न्हाय, त्यानं माणसं बसायच्या वस्तू करू नयेत."

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. दुकान बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो. आणि तरी ते जळणं संपलं नाही. कारण आता लोक म्हणायला लागले, "माणूस बघा कसला. चूक झाली तर छाती काढून पदरात घेतली." चूक माझी आणि ती कबूल केल्याचं नाव त्यांचं, याचाही मला मत्सर वाटला. आज मी लिहितोय त्यातही तो कुठं थोडा असेल. मला सांगता येत नाही.

त्यांनी लातूरला कानाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. यांचं उत्तर, "मग ध्यानात असंल खोट." तेव्हापासून ते प्रत्येक वाक्य दोनदा विचारून घ्यायला लागले. भाजी किती आणू, पाव किलो का? पाव किलो म्हणालीस ना? लता आधी पुन्हा सांगायची, मग मोठ्यानं सांगायची, मग तिला मोठ्यानं बोलायची सवयच लागली. शेजारणी विचारायच्या, "काय गं, रोज भांडता का?" आपली बहीण चांगल्या कानाच्या माणसाशी ओरडून बोलते आहे, हे मी प्रत्येक भाऊबीजेला त्यांच्या घरी पाटावर बसून ऐकलं आणि ओवाळून घेऊन परत आलो.

पोटासाठी त्यांनी टेम्पो घेतला आणि आठवडी बाजारात प्लास्टिकची स्टुलं विकायला लागले. साच्यातली, सगळी सारखी. ज्यांच्या हाताला बसणाऱ्याचे गुडघे कळायचे, ते आता लाल-निळे ढीग रचत होते. मी एकदा म्हणालो, "तुमच्यासारख्याला हे शोभत न्हाय." ते म्हणाले, "लई बरं हाय, दादा. ह्याला कुणाला काय विचारावं लागत न्हाय."

गुरुजी दोन वर्षांपूर्वी वारले, म्हातारपणानं. त्यांच्यापुढं सांगायची वेळ मी घालवली.

यंदा पावसाळा सरता सरता लताचा फोन आला. "दादा, ह्यांनी टेम्पो विकायला काढलाय. परवा रस्त्यात कुणीतरी हॉर्न वाजवला तो ह्यांच्या ध्यानात आला न्हाय म्हणे. आता म्हणायलेत, माझ्या ऐकण्याचा भरवसा न्हाय, कुणाच्या अंगावर गाडी जाईल. अरे, विकून खायचं काय? तू समजाव त्यांस्नी. तुझंच ऐकतात."

कळंबच्या बाजारात त्यांचा टेम्पो ठरलेल्या जागी होता. मला बघून त्यांनी लाल स्टूल पुढं सरकवलं. "या दादा, बसा." मी बसलो नाही.

"विलासराव, टेम्पो विकू नका."

"लतानं सांगितलं व्हय? आवाज येतोय, दादा, पर मला भलतंच ऐकू येतंय. एकदा एक म्हातारा माणूस पाडलाय म्या."

"तुम्ही बरोबर ऐकलं होतं."

"काय?"

सवयीनं विचारलं की खरंच कळलं नाही, कोण जाणे. मी पुन्हा सांगितलं. "तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मी 'भोक ठेवायचं न्हाय' एवढंच म्हणालो होतो. पुढं 'तर' नव्हतं. मशीन बंद होती. पाणी साचणार हे मला माहीत होतं."

एक बाई निळं स्टूल उचलून विचारत होती, "ह्ये कसं दिलं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. तिनं परत विचारलं. त्या एका वेळी त्यांना खरोखरच ऐकू आलं नसावं. बाई स्टूल ठेवून गेली.

"का वो दादा?"

नऊ वर्षांत मी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं करून ठेवली होती. तोंडातून एकच आलं. "आई तुमच्या स्टुलावर बसायची."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

ते ढिगावर ढीग चढवायला लागले. स्टुलात स्टूल आदळून घालत होते, पाय अडकला तर गुडघ्यानं दाबत होते. अर्धा बाजार व्हायचा होता, पण सगळा माल गाडीत भरला. मग थांबले. "मी गुरुजींची माफी मागत ऱ्हायलो, दादा. ते म्हणायचे, जाऊ दे, चुकतं माणूस. मी चुकलोच नव्हतो, तर त्यांनी माफ केलं ते कुणाला?"

त्यांनी टेम्पोचा फाळका लावला.

"बसा गाडीत," ते म्हणाले. "लताला तुमी सांगायचं. माझ्या तोंडानं मी सांगणार न्हाय."

टेम्पो धाराशिवच्या रस्त्याला लागला. वाटेत मागून एका ट्रकनं हळूच हॉर्न दिला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, त्याला जाऊ दिलं, आणि पुन्हा रस्त्यावर आणली.

लता ओसरीवर तूर निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसं, फोनचं, किल्लीचं, सभेतल्या 'व्हय'चं. विलासराव तोवर अंगणाच्या पार त्या टोकाला नळावर हातपाय धूत होते, आमच्याकडं पाठ करून. मी थांबल्यावरही तिची बोटं सुपात खडे शोधत राहिली.

"मी वरडत आले रं दादा ह्यांच्यावर," ती म्हणाली. "चांगल्या माणसावर."

सूप बाजूला ठेवून ती उठली आणि आतल्या दारापाशी गेली. तिथूनच, मागं वळून न बघता, शेजारी बसलेल्याशी बोलावं तशा हलक्या आवाजात तिनं विचारलं, "जेवायला वाढू का?"

नळ चालूच होता.

"वाढ," तिकडून विलासराव म्हणाले.

तिनं फडताळातून दोन ताटं काढली. मी चपला घातल्या.